पहाटेचा सेल्फ

पुण्याहून साताऱ्याकडे निघालेला रस्ता कात्रजचा घाट उतरून शिवगंगेच्या खोऱ्यात येतो, खेड-शिवापूर, नसरापूर, कापूरहोळ, किकवी ही गावे एकामागून एक मागे टाकतो आणि सारोळ्यापाशी नीरेच्या काठाला लागतो. तेथील पूल ओलांडला की पुणे जिल्ह्याची हद्द संपून सातारा जिल्ह्याचा मुलूख सुरू होतो, आणि शिरवळ, खंडाळा असे मुक्काम घेत तोच रस्ता खंबाटकीच्या चढाला भिडतो. दोन घाटांच्या मधील हा प्रदेश दिवसा उबदार व मोकळा असला, तरी हिवाळ्यातील निरभ्र रात्री त्याचे रूप पालटते. डोंगरउतारांवरची हवा जमिनीबरोबर निवत जाते, निवल्यामुळे जड होते आणि ओढ्यानाल्यांच्या वाटेने खाली सरकत नदीकाठच्या सखल भागात साचून राहते. त्यामुळे माथ्यापेक्षा तळाशीच थंडी अधिक, असा उलटा अनुभव येथे पहाटे येतो.

ही थंडी जगाच्या मापाने फारशी कडक म्हणता येणार नाही. खुद्द पुण्याच्या वेधशाळेने 17 जानेवारी 1935 रोजी 1.7 अंश सेल्सिअस इतके नीचांकी तापमान नोंदवले खरे, परंतु तो अपवाद होय. एरवी डिसेंबर-जानेवारीतील पहाट आठ ते बारा अंशांच्या दरम्यान घुटमळते, आणि जर्मनीतील किंवा रशियातील वाहनचालकाला अशी पहाट वसंतातली वाटावी. इतक्या सौम्य थंडीत डिझेल गोठत नाही. भारतीय मानकाने हिवाळी डिझेलच्या प्रवाहीपणाची मर्यादा 3 अंशांवर ठरवलेली आहे आणि आपला पारा क्वचितच तेथवर उतरतो. असे असूनही, या रस्त्याने गूळ, कांदा, भाजीपाला आणि सिमेंट वाहणाऱ्या मालमोटारींच्या तीन पिढ्यांनी हिवाळ्याच्या पहाटे चालू होण्यास कुरकुर केली, चालकांना व क्लीनरांना घामाघूम केले आणि घाटाच्या दोन्ही अंगांना बॅटरीवाले व वायरमन यांचा एक स्वतंत्र धंदा पोसला. हे कसे घडले, हा सडकेच्या इतिहासातील एक दुर्लक्षित परंतु उद्बोधक प्रश्न आहे.

या प्रश्नाचे मर्म डिझेल इंजिनाच्या प्रकृतीत आहे. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने 1893 साली ज्याचे पेटंट मिळवले आणि 1897 साली ऑग्सबर्ग येथे जे यशस्वीपणे चालवून दाखवले, त्या इंजिनात ठिणगी नसते. दट्ट्या वर येताना सिलिंडरातील हवा सोळा ते वीस पटींनी दाबतो, त्या दाबानेच हवेचे तापमान पाचशे अंशांच्या पुढे जाते आणि त्या तप्त हवेत फवारलेले इंधन आपोआप पेट घेते. पेट्रोलच्या मोटारीला चालताना क्षणोक्षणी विजेची गरज असते; जुन्या डिझेल मालमोटारीला मात्र, तिचा इंधनपंप केवळ यांत्रिक असल्याने, एकदा इंजिनाने पेट घेतला की विजेचे काही काम उरत नाही. दिवे व भोंगा सोडला तर बॅटरी काढून ठेवली तरी गाडी बंगळूरपर्यंत जावी. म्हणजे अवजड ट्रकमधील सगळा विद्युत सरंजाम, ते जडशीळ घट, मनगटाएवढ्या जाडीच्या तारा, तो स्टार्टर आणि ते जनित्र, मुख्यत्वे दिवसातील एका मिनिटासाठी बाळगलेला असे. आणि थंडी नेमकी त्याच मिनिटावर घाला घालते.

प्रारंभीच्या काळी हा प्रश्न मनुष्याच्या दंडानेच सोडवला जाई. पेट्रोलच्या मोटारीला पुढच्या बाजूने हँडल मारावे लागे, आणि ते उलट फिरून मनगट मोडण्याची भीती सदैव असे. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग याच्या योजनेनुसार 1912 च्या कॅडिलॅक मोटारीत विजेचा स्टार्टर बसला, तेव्हापासून हे संकट हळूहळू सरले. आपल्याकडे मात्र दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलचे रेशनिंग झाले, आणि कोळशाच्या वायूवर चालणाऱ्या मोटारी रस्त्यावर आल्या. त्यांची भट्टी पेटवून वायू तयार होईपर्यंत उतारूंना तिष्ठत बसावे लागे. पहाटेचा प्रारंभ हा दिरंगाईचाच विधी होऊन बसला. युद्ध संपल्यावर लष्कराने विक्रीस काढलेल्या फोर्ड व शेव्हरोले गाड्या माल वाहू लागल्या. 1 जून 1948 रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर राज्य परिवहनाची पहिली गाडी धावली. भोर संस्थान त्याच वर्षी मुंबई राज्यात विलीन झाले होते. रेल्वेची वाट नीरा-लोणंदमार्गे पूर्वेकडून गेलेली, त्यामुळे भोर-सारोळ्याच्या मुलखाला सडकेवाचून दुसरा आधारच नव्हता.

डिझेल इंजिनाशी मराठी शेतकऱ्याची ओळख मात्र ट्रकच्या आधीची. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 साली किर्लोस्करवाडी वसवली आणि त्यांच्या उद्योगसमूहाने 1946 साली पुण्यात ऑइल इंजिनांचा कारखाना उभारला. विहिरीवरच्या या इंजिनाला बॅटरीची गरज नव्हती. झडप उघडी ठेवणारी लिव्हर दाबून धरायची, त्यामुळे दाब नाहीसा होतो; हँडल भरभर फिरवून जड चाकाला गती द्यायची आणि मग लिव्हर सोडायची, की साठलेली गती दट्ट्याला पहिल्या दाबातून पार नेते. एका सिलिंडराच्या मंदगती इंजिनाला हे पुरते. सहा सिलिंडरांच्या मालमोटारीला मात्र मनुष्याचा दंड अपुरा पडतो आणि विजेला शरण जाण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

अशा मालमोटारी स्वदेशात बनू लागल्या त्या स्वातंत्र्यानंतर. 1948 साली मद्रासेत स्थापन झालेली अशोक मोटर्स कंपनी 1955 साली अशोक लेलँड झाली व तिच्या कॉमेट ट्रकने दक्षिणेत जम बसवला. 1945 साली स्थापन झालेल्या टाटांच्या टेल्को कंपनीने 1954 साली जर्मनीच्या डाइमलर-बेंझशी पंधरा वर्षांचा करार केला आणि तारांकित मुखवट्याची टाटा-मर्सिडीझ गाडी जमशेदपुराहून बाहेर पडली. कुर्ल्याच्या प्रीमिअर कारखान्याच्या डॉज व फार्गो गाड्याही याच काळातल्या. इंधन स्वस्त, खप कमी आणि ओढ दांडगी, या तीन गुणांमुळे दहा-पंधरा वर्षांत डिझेलने पेट्रोलच्या मालमोटारीला सातारा रस्त्यावरून जवळजवळ हद्दपार केले.

येथेच जर्मन धाटणी व इंग्रजी धाटणी यांतील एक भेद पहाटेच्या चालकाला जाणवू लागला. लेलँडच्या इंजिनात इंधन सरळ मुख्य दहनकोठीत फवारले जाई. मर्सिडीझच्या त्या पहिल्या इंजिनात मात्र सिलिंडराच्या माथ्यावर एक लहान पूर्वकोठी असे, जिची कल्पना प्रॉस्पेर लोरांज याने 1909 साली मांडली होती. पूर्वकोठीमुळे इंजिन सौम्यपणे चाले, परंतु तिच्या भिंतींचा पृष्ठभाग मोठा असल्याने थंड इंजिनात दाबलेल्या हवेची उष्णता त्या भिंतीच शोषून घेत. यावर तोड म्हणून प्रत्येक पूर्वकोठीत विजेने लाल होणारी तार बसवलेली असे. या तारांना आपल्याकडे सर्वत्र हीटर म्हणतात. सहा सिलिंडरांचे सहा हीटर एकाच ओळीने, एकातून दुसऱ्यात वीज जाईल असे जोडलेले असत आणि त्याच ओळीत चालकासमोरच्या फळीवर जाळीआड एक वेटोळे ठेवलेले असे. वेटोळे लाल झाले की आतल्या तारा तापल्या असे समजायचे. ते मुळीच लाल झाले नाही तर ओळीत कोठेतरी तार तुटली आहे, आणि फार लवकर भडकले तर एखाद्या हीटरमधून वीज आडवाटेने जात आहे, असा निदानाचा सोपा नियम होता. एक हीटर जळाला की बाकीचे पाचही निकामी होत, हा या रचनेचा दोष; आणि फळीवरचे ते लहानसे वेटोळे चालकाशी खरे बोले, हा तिचा गुण.

परंतु हीटरची वीज येते कोठून? त्याच घटातून, ज्यावर लगेच पुढच्या क्षणी स्टार्टरचा भार पडायचा आहे. हीटर मिनिटभर चालला तर तीस-चाळीस अँपिअर त्यात जातात; स्टार्टर तर पहिल्या धक्क्याला शेकडो अँपिअर मागतो. म्हणून हीटर किती वेळ धरावा हा चालकाच्या अनुभवाचा विषय होता. कमी धरला तर कोठी थंड, अधिक धरला तर घट रिकामा. आणि कसलेला चालक थंडीचा अंदाज घेऊन या दोहोंमधला मार्ग काढी.

आता घटाकडे वळू. शिशाच्या पत्र्यांचा संचायक घट 1859 साली फ्रान्सच्या गास्तों प्लांते याने बनवला, आणि 1881 मध्ये कामिय फोर याने पत्र्यावर शिशाच्या भस्माचा लेप देऊन त्याची क्षमता वाढवली. त्यानंतर त्याचे मूलतत्त्व फारसे बदललेले नाही. या घटातील रासायनिक क्रिया थंडीत मंदावते. आम्ल पत्र्यांच्या सूक्ष्म छिद्रांत सावकाश शिरते आणि अंतर्गत रोध वाढतो. सत्तावीस अंशांवर पूर्ण भरलेल्या घटाची ताकद शंभर मानली, तर शून्य अंशावर ती पासष्टाच्या आसपास येते आणि उणे अठरावर चाळिसापर्यंत घसरते. आपल्या नीरेकाठच्या दहा अंशांच्या पहाटे तिचा सुमारे पाचवा हिस्सा हरवतो. दुसऱ्या अंगाने इंजिनाची मागणी वाढते. त्या काळी वापरात असलेले एकाच दर्जाचे घट्ट तेल थंडीत काकवीसारखे होते आणि बेअरिंगे व दट्टे जागचे हलवण्यासच अधिक बळ लागते. आत येणारी हवा वीस अंशांनी थंड असेल तर दाबलेल्या हवेचे तापमान त्याच्या दुपटी-अडीचपटीने खाली येते, आणि स्टार्टर संथ फिरत असेल तर दाबलेली हवा कड्यांच्या फटींतून निसटण्यास व भिंतींवर निवण्यास अधिक वेळ मिळतो. तांब्याच्या तारेचा रोध थंडीत किंचित कमी होतो, हा एवढाच लाभ. पण तो या नुकसानीपुढे नगण्य होय.

स्टार्टर फिरू लागला की घटाचा दाब उतरतो. बारा व्होल्टचा घट नऊ-दहापर्यंत येतो व दिव्यांचा उजेड मंदावतो. दाब त्याहून खाली गेला तर स्टार्टरचे दातेरी चाक पुढे सारणारा सोलेनॉइड आपली पकड सोडतो. पकड सुटताच भार जातो, भार जाताच दाब पुन्हा वर येतो आणि सोलेनॉइड पुन्हा पकडतो. हे चक्र सेकंदात कित्येकदा घडून बॉनेटखालून जी टकटक ऐकू येते, ती ऐकताच जाणत्या मिस्त्रीने स्टार्टरला हात न लावता आधी घट व त्याची टोके तपासावीत, कारण ती टकटक बहुधा उपासमारीची असते. टोकांवर जमलेली पांढरी-हिरवी बुरशी, चेसिसला बांधलेल्या अर्थिंगच्या पट्टीखालचा गंज, सैल पडलेला नट, हे सारे उन्हाळ्यात निभावून जाते. थंडीत शेकडो अँपिअरांच्या वाटेतील एवढासा अडथळाही दोन व्होल्ट खाऊन टाकतो. सेल्फ, म्हणजे स्टार्टर, मारल्यानंतर जो सांधा हाताला गरम लागे तोच दोषी, ही कोणत्याही उपकरणावाचून करावयाची परीक्षा होती. विजेची ही गळती टाळण्यासाठीच अवजड गाड्यांत चोवीस व्होल्टची योजना आली. तेवढ्याच कामाला प्रवाह निम्मा लागतो आणि तारेतील व्यय चौथाईवर येतो. काही गाड्यांत दिवे बारावर व स्टार्टर चोवीसवर चालवण्यासाठी दोन घटांची जोडणी क्षणापुरती पालटणारा सीरीज-पॅरलल स्विच असे, आणि त्याचे संपर्क जळले की मिस्त्रीचे अर्धे दिवस त्यातच जात.

इतके पाहिल्यावर मूळ प्रश्न पुन्हा समोर येतो: थंडी केवळ पाचवा हिस्सा खात असेल, तर गाड्या अडत का होत्या? याचे उत्तर आदल्या रात्रीत सापडते. त्या पिढीच्या गाड्यांत डायनमो होता, आणि डायनमो मंद गतीला घट भरू शकत नसे. त्याचा दाब घटाहून कमी झाला की घटातील वीज उलट त्यातच वाहून जाऊ नये म्हणून कटआउट त्यांचा संबंध तोडी. घाट चढताना इंजिन जोरात फिरे तेव्हा भरणा होई; परंतु जकातनाक्याच्या रांगेत, दिवे लावून, इंजिन मंद ठेवून तासभर उभे राहिले की तेवढा वेळ खर्चच खर्च आणि जमा काही नाही. पुढे मुक्कामावर गाडी थांबली, केबिनमधला दिवा जळत राहिला, आणि पहाटे उरला तो अर्धा भरलेला घट. भरलेल्या घटाने पाचवा हिस्सा गमावला तरी इंजिन फिरते. अर्ध्या घटाने तेवढाच गमावला तर फिरत नाही. आधीपासूनच खात्यावर चढलेली तूट थंडीने त्या पहाटे वसूल केली, एवढेच.

हे शास्त्र ज्यांनी पुस्तकात वाचले नव्हते, त्यांनी ते आचारात उतरवले. गाडी रात्री उतारावर, तोंड खाली करून उभी करावी व चाकापुढे दगड लावावा. म्हणजे पहाटे सेल्फने दगा दिला तर दगड काढून, दुसरा गिअर टाकून, क्लच सोडून इंजिन चालू करता येते. सपाटीवर हाच प्रयोग दहा-बारा माणसांच्या धक्क्याने होई, आणि धक्का देण्यास कोणीही नकार देऊ नये असा सडकेचा अलिखित कायदा होता. डिझेलमध्ये भिजवलेला बोळा काठीला गुंडाळून त्याचा काकडा हवा ओढणाऱ्या तोंडाशी धरणे, तेलाच्या टाकीखाली शेकोटी सारणे, पंपावर कढत पाणी ओतणे, हे उपाय त्याहून धाडसाचे होते. त्यांत गाडी पेटण्याचा धोका होता आणि क्वचित पंपाला तडाही जाई. एकदा सेल्फ मारून इंजिन उठले नाही तर लगेच दुसऱ्यांदा मारू नये, मिनिट-दोन मिनिटे घटाला दम द्यावा, हा नियम मात्र निखालस शास्त्रशुद्ध होता. तेवढ्या अवकाशात ताजे आम्ल छिद्रांत शिरते आणि खचलेला दाब सावरतो.

याच गरजेतून बॅटरीवाल्याचा व्यवसाय उभा राहिला. त्या काळच्या घटाची पेटी कठीण रबराची, पत्र्यांमधले पडदे लाकडाचे, वरचे झाकण डांबरी लेपाने बसवलेले आणि कप्प्याकप्प्याला जोडणाऱ्या शिशाच्या पट्ट्या उघड्या असत. त्यामुळे प्रत्येक कप्पा वेगळा तपासता येई आणि दोषी कप्पा उघडून दुरुस्तही करता येई. हायड्रोमीटरमध्ये आम्ल ओढून त्याचे विशिष्ट गुरुत्व पाहावयाचे: 1.260 ते 1.280 असेल तर घट भरलेला, 1.120 पर्यंत उतरले असेल तर रिता. डांबर तापवून झाकण उचलणे, कुजलेले पडदे बदलणे, शिसे वितळवून पट्टी सांधणे, रात्रभर चार्जिंगला लावून सकाळी मालकाच्या हवाली करणे, हा सारा कसबी उद्योग होता. आम्लाने भोके पडलेले कपडे व शिशाच्या धुराने होणारी हानी ही त्याची अदृश्य किंमत होती, आणि तिची दखल कोणत्याही दप्तराने घेतली नाही. प्लास्टिकच्या बंद पेटीचे घट आले, तेव्हा कप्पा उघडण्याची सोय संपली आणि या कसबाचा मोठा भाग तिच्याबरोबर लोपला. उरला तो भरणा करून देण्याचा व विक्रीचा व्यवहार.

परिवर्तन घडवले ते तीन गोष्टींनी. सरळ फवारणीच्या इंजिनांमुळे मालमोटारीला हीटरची गरज उरली नाही. हिवाळा-उन्हाळा दोन्हींत चालणाऱ्या बहुदर्जी तेलाने पहाटेचा जडपणा कमी केला. आणि डायोड बसवलेल्या अल्टरनेटरने मंद गतीतही घट भरण्याची तजवीज केल्यामुळे रांगेत उभ्या असलेल्या गाडीची तूटच बंद झाली. या तिघांत अल्टरनेटरचे श्रेय मला सर्वांत मोठे वाटते, कारण रोगाचे मूळ जेथे होते तेथे त्यानेच औषध लावले.

खऱ्या कडाक्याची गोष्ट निराळी, आणि तिच्याशीही महाराष्ट्राचा संबंध आहे. लडाखमध्ये जाणाऱ्या लष्करी वाहनांचे संशोधन अहिल्यानगरच्या (पूर्वीच्या अहमदनगरच्या) संरक्षण-संस्थेत होते.  लडाखच्या उणे तापमानात साधे डिझेल घट्ट होते, म्हणून 2019 साली उणे 33 अंशांपर्यंत प्रवाही राहणारे हिवाळी डिझेल त्या प्रदेशासाठी काढण्यात आले. रिता झालेला घट उणे दहाच्या सुमारास गोठून फुटतो, भरलेला मात्र त्याहून कितीतरी खोल थंडी सोसतो. म्हणजे लेहमध्येही घटाचे प्राण त्याच्या भरण्यावरच अवलंबून असतात.

1 एप्रिल 2020 पासून देशभर लागू झालेल्या भारत स्टेज सहाच्या नियमानंतर मालमोटारीचे विजेशी असलेले नातेच पालटले आहे. आता इंधन किती व केव्हा फवारायचे हे संगणक ठरवतो, धुरावर प्रक्रिया करणारी यंत्रणा विजेवर चालते आणि युरियाच्या द्रवाला गोठण्यापासून वाचवणारा हीटरही तीतच असतो. एका मिनिटाची पाहुणी असलेली वीज आता अष्टौप्रहर घरात नांदते. सेल्फ मारताना दाब फार उतरला तर संगणकच गोंधळतो, फळीवर इशाऱ्याचे दिवे लागतात. आणि घट पुरता उतरलेल्या गाडीला दहा जणांनी धक्का दिला तरी, पंपाला हुकूम देणाराच झोपलेला असल्याने, इंजिन उठत नाही. उताराचा व दगडाचा आचार त्यामुळे निरर्थक झाला. त्याचा शोक करण्याचे कारण नाही, कारण त्या आचारामागे क्लीनरच्या पाठीचे कष्ट आणि काकड्याची आग होती.

मात्र त्या पिढीने कमावलेला एक निष्कर्ष नव्या गाडीलाही तितकाच लागू आहे. टोके स्वच्छ, अर्थिंग घट्ट आणि घट भरलेला असेल तर सारोळ्याच्या थंडीत एकही मालमोटार अडण्याचे कारण नाही. जानेवारीच्या पहाटे अडलेल्या ट्रकचा पंचनामा करावयाचा झाला तर तो आदल्या संध्याकाळपासून करावा, आणि त्यात थंडीचे नाव आरोपींच्या रकान्यात न घालता साक्षीदारांच्या यादीत लिहावे.